जातो म्हणू नये

२२ सप्टेंबर. जोहे.
दोनशे ऐंशीच्या पुढे दत्ता चुकला. पुन्हा पहिल्यापासून. पळसाची तीनशे साठ पानं लागतात. गुरुजींनी कागदावर लिहून दिलं आहे, डोक्याला चाळीस, मानेला दहा, असं पायांपर्यंत. माणूस इतक्या पानांत मावतो.

बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. 'जाऊन' लिहिलं आणि थांबले. मेलेल्यांसाठीही हेच लिहितात. बाबा घरी न आल्याला बारा वर्षं झाली. एवढी वाट पाहिली की पालाशविधी करता येतो. पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग त्याचे दिवस घालायचे.

दत्ता म्हणाला, "ताई, पत्रिका छापायला टाकायची हाय. बाबांच्या नावामागं काय लावू, श्री का कै? नागोठण्याची माणसं दोनदा इचारून गेली."
लग्न दत्ताचंच. तुळशीचं लग्न झाल्यावर. मुलीकडच्यांना आई मांडवात सवाष्ण म्हणून बसणार की मागे, एवढं कळायला हवं आहे. रास्त आहे.

आई पानं मोजायला आली नाही. तिच्या हातात हिरव्या बांगड्या. कालच भरल्यात, दत्ताच्या होणाऱ्या बायकोसाठी कासारीण आली होती तेव्हा.

२४ सप्टेंबर. वरसे, रोहा.
बारावीचा तास. वाक्प्रचार. तिलांजली देणे म्हणजे त्याग करणे, वाक्यात उपयोग करा. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "पक्याच्या बापाने नाइट शिफ्टला तिलांजली दिली." वर्ग हसला. मीही हसले. पूर्ण गुण.

पुढच्या रविवारी, दोन तारखेला, दत्ता ओंजळीत तीळ आणि पाणी घेऊन बसेल. फळ्यावर मी ते एका शब्दात संपवलं होतं.

खोलीवर आल्यावर जेवले नाही.

२६ सप्टेंबर. वरसे.
लिहून टाकते. कुठेच लिहिलेलं नाही.

एम.ए.ला मी एक निबंध लिहिला होता. रोजच्या बोलण्यातले विधीचे शब्द. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. तांदूळ संपले म्हणायचं नाही. दिवा विझव नाही, शांत कर. माणूस घराबाहेर पडला की लगेच केर काढायचा नाही, तसा मेलेल्याच्या मागे काढतात. आणि निघताना जातो नाही, येतो. एखाद्याच्या तोंडून जातो निघालंच तर ऐकणाऱ्याने टोकायचं. मी सिद्ध केलं होतं की ही सगळी रिकामी टरफलं आहेत, भीती उडून गेली, उच्चार राहिला. सरांनी कौतुक केलं. घरी मी वाचूनही दाखवला. आई मध्येच उठून गेली. बाबा मूर्तींच्या रंगाच्या वाट्या धूत ऐकत होते. म्हणाले, "बरोबर हाय गो तुझं."

पुढच्या महिन्यात रोह्याची नोकरी लागली. बाबा पेणच्या स्टँडपर्यंत पोचवायला आले. ट्रंक वर चढवली. गाडी सुरू झाली तसे खिडकीशी आले, गजाला हात लावला. म्हणाले, "चल, जातो."

मला ऐकू आलं. चुकलं हेही कळलं. ओठावर आलं होतं. पण मीच तर ते टरफल ठरवलं होतं. मी हात हलवला.

बाबा जोह्याला पोचले नाहीत.

पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं, घरी जातो म्हणाले. 'घरी' मी घातला.

२८ सप्टेंबर.
बारा वर्षं दोन्ही बाजूंनी विचार केला. ठरवून गेले असतील तर ते कुठेतरी जिवंत आहेत आणि त्यांना आई नको होती. नाहीतर ते मेले. आईला यातलं कोणतं द्यायचं? मी गप्प राहिले तर रविवारी ती विधवा होईल, कदाचित जिवंत नवऱ्याची. बोलले तर सवाष्ण राहील, टाकलेली.

तिसरं काही सापडत नाही.

१ ऑक्टोबर. जोहे.
दुपारी आले. कारखाना रिकामा, गणपतींचे साचे भिंतीला टेकवून ठेवलेले. मधल्या फळीवर पुतळा. पानांना लोकर गुंडाळून वरून जवाच्या पिठाचा लेप. डोक्याला नारळ, त्यावरही लेप.

आणि डोळे.

गुरुजींनी डोळ्यांच्या जागी दोन कवड्या चिकटवायला सांगितल्या होत्या. दत्ता पेणहून आणायला विसरला. पीठ वाळत आलं होतं, ब्रश शेजारी होता. म्हणतो, "हात चालला, ताई. मला कळलंच नाय." वर्षाला हजार डोळे आखणाऱ्याचा हात.

पापणी जरा खाली उतरलेली, बुबुळात पांढरा ठिपका. बाबा गणपतीचे डोळे आखायचे ते असे. हे त्यांचे डोळे नाहीत. त्यांनी आखलेले डोळे.

आई दारात येऊन उभी राहिली. मग आत गेली आणि बशी झाकलेला चहाचा कप आणून फळीवर ठेवला. बाबा काम करताना ठेवायची तसा, डाव्या हाताला.

दत्ता माझ्याकडे पाहत होता. मी साच्यांकडे.

२ ऑक्टोबर. जोहे.
गुरुजी नऊला आले. पुतळा पाहून म्हणाले, "हे कोणी सांगितलं होतं?"
दत्ता म्हणाला, "कवड्या लावतो वरून."
आई म्हणाली, "डोळं काढलंस नं? आता बघतोय तो. बघनाऱ्याला जाळतात काय रे?"
"आई, पानं हायेत ती."
"गनपती तरी काय, मातीच नं? डोळं काढल्यावर कदी मोडलास?"
दत्ता म्हणाला, "पुसतो. पांढरा हात मारतो."
"मार. तुज्या हातानं मार."
त्याने ब्रश पांढऱ्यात बुडवला. पुतळ्यापुढे उभा राहिला. रंग कोपरापर्यंत ओघळला. मग ब्रश पाण्यात टाकून बाहेर निघून गेला.

गुरुजींनी चहा घेतला. चांगला माणूस. "अमावास्येपर्यंत सांगा. घाई नाही. पण मग पत्रिकेचं तुमचं तुम्ही बघा."

दुपारी आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. जवळ बसले. सांगायचं ठरवलं नव्हतं. सांगितलं.
"आई, त्या दिवशी स्टँडवर बाबा 'जातो' म्हणाले होते. नुसतं जातो. घरी म्हणाले नव्हते."
तिची बोटं सुपात चालू होती. एक खडा काढला. दुसरा काढला.
"आनि तू?"
"मी काय?"
"तू काय बोललीस?"
"काही नाही. हात हलवला."
बोटं थांबली.
मला वाटलं होतं ती विचारेल, म्हणजे मला टाकून गेला का. तिने ते विचारलं नाही.
"आमच्यात शेंबडं पोर पन टोकतं गो. जातो नाय, येतो बोल. आनि तो ऐकायचा. कोनी टोकलं की हसायचा, येतो बोलायचा, मगच पाय उचलायचा."
मी म्हणाले, "एका शब्दाने काय होतं, आई."
ती म्हणाली, "बारा वर्सं मी शोधतेय माजं काय चुकलं. मीठ जास्त पडलं का सकाळी. काय बोलले का मी. रोज शोधतेय. आनि तुला ठावं होतं."

सूप उचलून आत गेली.

संध्याकाळी दत्ताने विचारलं, "काय बोललीस तिला?" सांगितलं नाही. तो एकटाच जेवला.

कपात चहा तसाच. साय धरली आहे.

३ ऑक्टोबर.
सकाळी पहिल्या गाडीला निघाले. पुतळा फळीवरच आहे, दत्ताने तोंडावर फडकं टाकलंय. आई न्हाणीत होती. दाराबाहेर उभी राहून "येते" म्हणाले. पाणी पडत होतं. पुन्हा म्हणाले. पाणी थांबलं, उत्तर आलं नाही.

देवळाच्या वळणावरून मागे पाहिलं. आई अंगणात होती, खराट्याने दारापासून झाडत. कपाळ एवढ्या लांबून दिसलं नाही.