दोन आगट्या

जुहू, मुंबई
ता. २६ नोव्हेंबर १९३६

प्रिय झुबेदा आपा,

मकसूदचा सलाम. मी खुशाल आहे, म्हणजे जेवतो, झोपतो, कामाला जातो, तेवढंच. तू पाठवलेला सुका जवळा पोचला. शेजारीण दोन दिवस नाकाला पदर लावून फिरते आहे. फिरू दे. गुडघ्यांना तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघत बसतेस?

हे पत्र नेहमीसारखं सुगराकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

तू लिहिलंस, "माझ्या इक्बालनं ढगाखाली येऊन पंख हलवलेन. माझ्या आगट्या त्याला दिसल्या. आईला सलाम करून गेला माझा पोर." पुढे लिहिलंस की आता आभाळ भरलं आणि टपालाचं विमान यायचं असलं की तू, सुगरा आणि तुळशीरामची ठमी वाळूत आगट्या पेटवता. दुसऱ्या कुणा आईचा मुलगा वाट चुकू नये म्हणून. ठमी झावळ्या ओढून आणते, सगळं गाव तुला दुवा देतं.

वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. इक्बालच्या चाळिसाव्याला आलो होतो तेव्हाच बोलायचं होतं. पण तू भाकऱ्या थापत होतीस, मला बघून हसलीस, आणि मी जेवायला बसलो. निघताना काय बोललो, तर कौलं शाकारून घे. धन्य तो भाऊ!

ढगातलं उडणं म्हणजे काय ते तुला एकदा सांगायला बसलो होतो. तू म्हणालीस, "मेल्या, डोळे झाकून गाडी हाकायची, ही कसली विद्या?" तीच विद्या मी भाच्याला शिकवली. शिकताना बसायच्या जागेवर कापडी टप ओढतात, बाहेरचं काही दिसत नाही. समोर नुसते तबकड्यांवरचे काटे. विमान सरळ असतं आणि अंग बोंबलत असतं की कलंडलास, कलंडलास. अंगाचं ऐकायचं नाही, काट्यांचं ऐकायचं. आणि डोंगराच्या माथ्याहून वर राहायचं. टाकीत तेल आहे तोवर मोकळ्या आभाळापर्यंत पुढे जात राहायचं. मध्ये खाली काहीही दिसो, ढगातून उतरायचं नाही. इक्बाल सुरुवातीला अंगाचंच ऐकायचा. मी बोटांवर पट्टी मारायचो. पुढे असा तयार झाला की मलाच त्याचा हेवा वाटायचा.

आपल्याकडे होडी धुक्यात अडकली की बायका आगटी पेटवतात. ज्या त्या घराची खूण निराळी, आपल्या घराच्या दोन. त्या दिसल्या की तांडेल सुकाणू घराकडे वळवतो. होडीला ते ठीक आहे, आपा. होडी पाण्यावरच असते. तिला उंचावरून खाली यायचं नसतं.

त्या संध्याकाळी ढगात आवाज घुमत होता, म्हणून तुला वाटलं पोर चाचपडतोय, आणि तू आगट्या पेटवल्यास. आवाज डोंगरावर आपटून फिरत होता. कुणालाही तेच वाटलं असतं.

पण तो वाट चुकला नव्हता.

कसं लिहू तुला हे! गोव्याहून टपाल घेऊन तो वेळेवर निघाला होता. टाकीत तेल भरपूर होतं. मी इथे मैदानात उभा होतो, ढगाचा ठिपका नव्हता, पश्चिमेला लाल होतं. थोडा वेळ काट्यांवर नजर ठेवली असती तर माझ्यासमोर उतरला असता. ढगाच्या फटीतून त्याला दोन आगट्या दिसल्या असणार. दोन म्हणजे आई. आई घाबरली आहे, तिला दिसून येऊ, एवढंच त्याच्या मनात आलं असेल. खाली आला, पंख हलवले, वळला. पाठीमागे ढगात आपला डोंगर होता.

चौकशीत मी आगट्यांचं नाव काढलं नाही. वैमानिकानं नियम मोडला, असं लिहून कागद बंद झाला. ते खोटंही नाही. तुझा काही गुन्हा नाही, आपा, खुदाची कसम. हे मी कबरीत घेऊन गेलो असतो.

पण सोमवारपासून त्या वाटेवर मुरुडचा कान्हा विमान नेणार. तोही किनाऱ्यावरच वाढलेला. आगटी दिसली की काय करायचं ते त्याच्या रक्तात आहे. त्यालाही मीच शिकवलंय, आणि माझ्या शिकवण्यावर आता माझाच भरवसा राहिलेला नाही. त्याची आईही वाट बघते.

इक्बाल तुला सलाम करून गेला, एवढंच तुझ्यापाशी उरलं होतं. तेही मी काढून घेतलं. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. तुझं पत्र आता येणार नाही, मला माहीत आहे. ठमीला, सुगराला खरं सांगू नकोस, गुडघे दुखतात म्हण. पण आवाज कितीही घुमला तरी दार लावून घरात बस. किनारा काळोखात राहू दे.

इक्बालला उडायला शिकवणारा,
तुझा भाऊ
मकसूद