आठ वॅटचं बारसं

आळंद,
रविवार, दुपारची जेवणं उरकून

तीर्थस्वरूप शिवराज अण्णांस,

शिवप्रसादचा शरणु शरणार्थी. तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल लावता की नुसती बाटली उशाला ठेवता? वैनींची तब्येत बरी असेल, तूर फुलावर आली असेल आणि नवी म्हैस अजून फक्त वैनींनाच दूध देत असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची महानंदा, हीदेखील खुशाल आहे (किती खुशाल, ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा).

फोन सोडून पत्र कामून लिहायलाय, असं तुम्ही म्हणाल. अण्णा, फोनवर तुम्ही माझं दुसरं वाक्य आजवर कधी पुरं होऊ दिलेलं नाही. शिवाय जनवाड्याला तुमच्या घरात रेंज येते ती माळवदावर, आणि माळवदावर चढायचं म्हणजे पुन्हा तुमचा गुडघा आलाच. तेव्हा खाटेवर आरामात बसून वाचा. मध्ये बोलावंसं वाटलं तर खुशाल बोला, मला ऐकू येणार नाही.

झालं असं की, दिवाळीनंतर अडत व्यापाऱ्यांच्या बैठकीला मी बीदरला गेलो होतो. बैठकीत तुरीवर बोलायचं होतं, ते सोडून सगळ्यांवर बोलणं झालं. वैतागून बाहेर पडलो आणि एका गल्लीतून चाललो होतो, तर एका खिडकीतून सनईचा आवाज आला. अण्णा, आवाज आला असं म्हणणंही चूक आहे. वाजवणारा माणूस त्या खिडकीच्या आत मांडी घालून बसलाय आणि दम घ्यायला थांबतोय, तेही मला कळत होतं. मी गटारीच्या कडेला तसाच उभा राहिलो. एक म्हातारे गृहस्थ दारात आले आणि म्हणाले, “कोण पाहिजे?” मी म्हणालो, “कोणी नको, हे काय वाजायलंय ते बघायचंय.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “चप्पल बाहेर काढा.”

हे गुरुलिंग मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, आणि मुलगा त्यांना हैदराबादला आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन जाणार होता. फ्लॅट लहान. मास्तरांना जागा होती, त्यांच्या मशीनला नव्हती. ते मशीन म्हणजे व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर, सोबत सनईची रेकॉर्ड, ती फिरवायची तबकडी आणि एक लाकडी स्पीकर. (तुम्हाला समजेल असं सांगतो. आताच्या यंत्रात जिथे चिप असते तिथे ह्यात काचेच्या नळ्या असतात. बटण दाबलं की त्या सावकाश तापतात, आत निरांजनासारखा उजेड पडतो, आणि मग आवाज येतो. तोवर गप बसायचं असतं. तुम्हाला जमणार नाही.)

मास्तर चांगलं घर शोधत होते. विकायचं त्यांच्या मनात नव्हतं, द्यायचं होतं. पण लेक द्यावी तसं. घरात ओल आहे का? अर्थिंग आहे का? घरातली माणसं आरडाओरड करणारी आहेत का? (इथं मला तुमच्या बहिणीची आठवण झाली, पण मी नाही म्हणालो.) शेवटी त्यांनी एक अट घातली की, मशीन वरून गरम होतं, तर त्यावर कुणी दह्याचं भांडं ठेवता कामा नये. मी हसलो. म्हणालो, मास्तर, आमच्या घरात असं कोण करणार? त्यांनी डोळे पुसले आणि मशीनवर एक स्वच्छ टॉवेल गुंडाळला.

बसमध्ये अँप्लिफायर मी मांडीवर घेऊन बसलो, बाकीचं पायाशी. त्यातला ट्रान्सफॉर्मर नुसत्या लोखंडाचा, त्यामुळे बसवकल्याण येईपर्यंत माझे पाय आहेत की गेले हे चाचपून बघावं लागत होतं. कंडक्टर म्हणाला, “ये क्या उठाको लाए जी?” मी म्हणालो, “अँप्लिफायर है.” शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं ऐकलं ज्वारीची अंबली. मग काय! “येवढी अंबली कुटं घिऊन चाललाव, बाबा? झाकण लावलाव का न्हाई? सांडंल की!” प्रत्येक खड्ड्याला तिनं दोन्ही हातांनी ते मशीन धरलं, माझ्यापेक्षा जास्त मायेनं. उतरताना म्हणाली, “ताक घालून पी, थंडी हाय म्हून गरम पिऊ नको.” मी बरं म्हणालो. समजावून सांगायला माझ्यात त्राण नव्हतं.

घरी महानंदा दारातच उभी होती. “तुमी कामून आणलाव हे?” एवढंच म्हणाली. अण्णा, तुमच्या घरची माणसं थोडकं बोलतात तेव्हा जास्त भीती वाटते. त्यात लेक शैलश्री बाळंतपणाला आलेली, तान्ही नात घरात, आणि मी लोखंड घेऊन आलेलो. पहिल्या दिवशी बटण दाबलं तर स्पीकरमधून फक्त घुम्म्म असा आवाज आला, आमचा बैल वैरण संपल्यावर काढतो तसा. शैलश्री म्हणाली, “अप्पा, माझ्या मोबाईलचा आवाजसुद्धा ह्याच्याहून मोठा हाय.” खरंच होतं. मशीनची ताकद सगळी मिळून आठ वॅट. मी दोन दिवस वायरी इकडच्या तिकडे केल्या तेव्हा कुठे घुमणं थांबलं आणि सनई ऐकू आली. मी हर्षानं महानंदाला हाक मारली. ती आली, उभ्या उभ्या ऐकलं आणि निकाल दिला, “बारशापतूर राहू द्या. बारसं झालं की भंगारवाल्याला बोलवते. पाळण्याला जागा लागंल.”

आणि एक गोष्ट मास्तरांना कळू नये म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं, ती तुम्हाला सांगतो. थंडीत आमच्याकडे दही लागत नव्हतं. एके सकाळी बघतो तर मशीनच्या पाठीवर दह्याचं भांडं, आमचा कल्हई केलेला पितळी गंज, वर ताटली. मी काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. दही मात्र असं लागत होतं की शेजारच्या सावित्रीबाई विरजण मागायला येऊ लागल्या. इकडे मास्तर हैदराबादहून फोन करून विचारायचे, “बरी आहे ना? रुळली का?” मी म्हणायचो, “छान रुळली, घरकामाला मदतसुद्धा करते.”

बारशाचा दिवस उजाडला. आमचे जावई प्रशांतकुमार हौशी माणूस. त्यांनी अंगणात डीजे सांगितला होता. कपाटाएवढे काळे खोके, त्यांना निळे दिवे. कुणी तरी नुसतं “हॅलो” म्हणून बघितलं तर समोरच्या घरावरची कबुतरं उडाली आणि नात दचकून रडायला लागली. जावयांचं समाधान झालं नाही, म्हणून डीजेवाल्यानं अजून वाढवला. तेवढ्यात आमच्या गल्लीचं व्होल्टेज नेहमीप्रमाणे खाली-वर झालं, एका खोक्यातून धूर निघाला आणि सगळे निळे दिवे विझले. बायका पाळण्याभोवती जमलेल्या, जावयांच्या गावची माणसं गादीवर बसलेली, स्वयंपाक तयार, आणि बारसं मुकं. प्रशांतकुमारांचा चेहरा बघवेना. बहिणीसमोर, आईसमोर शोभा झाली होती बिचाऱ्याची. डीजेवाला दुसरं मशीन आणायला म्हणून जो गेला तो अजून येतोय.

मी महानंदाकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि अण्णा, ती म्हणाली, “बघत काय ऱ्हायलाव? आणा की तुमचं ते.”

आम्ही मशीन ओसरीवर मांडलं. त्याच वेळी अंगणात कोण आलं म्हणाल? गुरुलिंग मास्तर! मी आमंत्रण दिलं होतं, पण हैदराबादहून ते येतील असं वाटलं नव्हतं. हातात एक डबा, त्यात कापसात गुंडाळलेली एक जादा नळी, लेकीला खाऊ आणावा तशी. ते सरळ मशीनपाशी गेले आणि थांबले. गडबडीत आम्ही मशीन गंजासकट उचलून आणलं होतं. गंज तिथेच होता.

मला वाटलं, ह्यांनी आता मशीन उचलून परत न्यावं आणि मला अंगणात पुरावं. मास्तरांनी ताटली उचलली, बोट लावून चाखलं. मग महानंदाला म्हणाले, “आमच्या घरी ही अशीच लावायची. रोज भांडायचो मी. ती गेली आणि मग मी त्याच्यावर कुणाला काहीच ठेवू दिलं नाही. चांगलं लागलंय, ताई. आज वाढा मला.” महानंदानं पदर डोळ्याला लावला आणि गंज आत नेला.

मशीन तापलं, नळ्या उजळल्या, सनई सुरू झाली. पण आठ वॅट ते आठ वॅट. ओसरीवर ऐकू येत होतं, अंगणात कुणालाच नाही. तेव्हा महानंदाच्या चंद्रम्मा आत्या (तुमच्याही आत्याच की त्या, तुम्ही ज्यांना घाबरून अजून बिडी लपवता) काठी आपटून उठल्या. “गप बसा की रे समदे! पोरीच्या बारशाला आलाव का बाजाराला?” अंगण गप्प झालं. मागचा मिक्सर बंद झाला. पाहुणे गाद्या ओढत ओसरीकडे सरकले, जावयांची माणसं आणि आमची माणसं मांडीला मांडी लावून बसली. लग्नात मानपानावरून तोंड फिरवलेले व्याही माझ्या इतके जवळ बसले की त्यांनी मला अडकित्ता मागितला. सगळा जमाव मान पुढं करून, तोंड मिटून ऐकत होता. आळंदमध्ये एवढी शांतता मी मतमोजणीच्या आदल्या दिवशीही पाहिलेली नाही.

ह्या शांततेचा एकच घोटाळा झाला. जावयांची बहीण जगदेवी, म्हणजे बाळाची आत्या, बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली. तिला आजवरच्या सगळ्या बारशांत डीजेपुढे कानात ओरडायची सवय. तिनं त्याच जोरात सांगितलं, “विजयश्री!” समद्या गल्लीला कळलं. बाळ टक्क जागं झालं आणि त्यानं जे भोकाड पसरलं, त्यापुढे आमची सनई कुठल्या कुठे गेली. लोक हसून हसून लोळायला लागले, जगदेवी लाजून पाळण्याआड गेली.

आणि मग, अण्णा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते घडलं. रडणं थांबेना तेव्हा महानंदानं पाळण्याची दोरी हातात घेतली आणि सनईच्या सुरात सूर मिळवून पाळणा म्हणायला सुरुवात केली. आधी मराठीत. चंद्रम्मा आत्यांनी पुढचं कडवं कन्नडमध्ये उचललं. मग जावयांकडच्या बायका, मग सावित्रीबाई, मग सगळ्याच. मोठ्या खोक्यांपुढे कुणी गाऊच शकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आमचं मशीन हळू वाजत होतं म्हणून माणसांना जागा राहिली. महानंदा गाते हे मला ठाऊक होतं असं मी समजत होतो. पण तिनं मान वर करून, डोळे मिटून, कुणाची भीड न धरता गायलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. नात झोपली. प्रशांतकुमार मास्तरांना विचारत होते, “ह्या नळ्या अजून कुठं मिळतात हो?” आणि मी नुसताच दाराच्या चौकटीला टेकून हसत होतो. कामाचं काहीच सुचत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी धीर करून विचारलं, “मग, भंगारवाल्याला कधी सांगू?” महानंदा ताटं गोळा करत होती. ती मशीनसमोर येऊन उभी राहिली, एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. म्हणाली, “हे एकाच बाजूनं वाजतंय की. दुसऱ्या बाजूचं कुटं हाय?”

मला वाटतं, भंगारवाल्याला आता सांगायला नको.

तर असा हा आमचा आनंद. तुमचा गुडघा आड आला म्हणून तुम्ही बारशाला येऊ शकला नाहीत, त्याची हुरहुर वाटली आणि ती थोडी भरून निघावी म्हणून सविस्तर कळवलं. दुसरं काही मनात नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि म्हशीला माझा वेगळा नमस्कार सांगावा.

तुमचा,
शिवप्रसाद

ता.क. दुसरं थोडं मनात आहे. तुमच्या बैठकीत टीव्ही ज्याच्यावर ठेवलाय आणि ज्यात वैनी लग्नातल्या साड्या ठेवतात, ते कपाट नव्हे. तो तुमच्या वडिलांचा, अप्पांचा रेडिओग्राम आहे, रेडिओ आणि रेकॉर्डची तबकडी एकाच पेटीत. मागून फळी काढून बघा, आत नळ्या असतील. तुम्हाला त्याचा उपयोग नाही. तेव्हा कृपा करून तो आम्हाला द्यावा. वैनींना साड्यांसाठी लोखंडी कपाट मी स्वतः आणून देईन.

ता.क.चा ता.क. हे मागणं माझं नाही, तुमच्या बहिणीचं आहे. तिनं मला लिहायला बसवलं, म्हणून लिहिलं. मी आपला ह्या एका मशीनवर सुखी होतो.

अण्णा, महानंदा लिहायलेय. ह्यांचं समदं वाचले. जरा जास्तच लिहिलेत, पण खोटं न्हाई. रेडिओग्राम मी पुढल्या मंगळवारी टेम्पो घिऊन न्यायला येतेय, टीव्ही भिंतीला ठोकून घे. मास्तर म्हणलेत, अप्पाच्या मशीनला नव्या नळ्या लागतील आन् त्या हैदराबादला भेटतेत. म्हून जनवाड्याहून तशीच हैदराबादला जायलेय. वैनीला संगं नेतेय, तिला मी कवाच फोन केलाय, ती माळवदावर चढून बोलली. साड्यासुदा बांधून झाल्यात तिच्या. आमी येईपतूर म्हशीचं तू बघ. नातीला हे बघतील. ह्यांना पाळणा म्हणता येत न्हाई, पर आता शिकतील.