शाळेतून बोलावणं

३ जुलै

चि. धाकटीस आक्काचे अ. उ. आ.

तुझी लेक भिंगरी बरी आहे. घरात दिवसभर टकळी चालू, शाळेत मात्र अजून तोंडाला कुलूप.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीतली शाळा बंद करायचं घाटतंय. पोरं कमी, म्हणून सगळ्यांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घालायचं म्हणे. पुढच्या शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब येणार, आईबापांना शाळा हवी की नको ते बघून ठरवणार. मोठ्या बाईंनी पोरांच्या तोंडी निरोप धाडलाय की आईबापांनी शाळेत यावं. कशाला, ते सांगितलेलं नाही. बाईंच्या साड्या माझ्याकडे इस्त्रीला येतात म्हणून मला एवढं कळलं.

शाळा गेली तर भिंगरीला मी ठेवू शकणार नाही, आत्ताच सांगते. दुकान टाकून दोन वेळा तो रस्ता ओलांडायला मला चार पाय नाहीत. तुझ्या नर्सांच्या खोलीवर पोरं चालत नाहीत. मग राहिला तिचा काका. त्याच्या घरी ती बोलायचीच थांबली होती, विसरली नसशील.

रडत बसू नकोस. जेवत जा.

तुझी,
आक्का

७ जुलै

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ड्यूटीवर वाचलं आणि एकाच आजोबांचा ताप दोनदा मोजला. आजोबा म्हणाले, पहिल्यांदा आवडला नाही का?

आक्का, काहीही कर पण तिला काकाकडे पाठवायची वेळ आणू नकोस. मला शनिवारी सुट्टी नाही. माझ्या जागी तूच उभी राहा. साहेबांवर आवाज मात्र चढवू नकोस. आणि शाळेचं बोलावणं आलं म्हणून आधी पोरीच्या पाठीत धपाटा घालू नकोस. मागच्या वेळी तू धपाटा घालून गेलीस आणि तिथं कळलं की तिला चित्राचं बक्षीस आहे! आपल्या आबांनाही शाळेचं बोलावणं म्हणजे पोलीस चौकीचं वाटायचं. तू त्यांचीच लेक.

मायेत उणं पडू देऊ नकोस, रागाची तुझ्याकडे टंचाई नाहीच.

तुझी,
धाकटी

१२ जुलै

चि. धाकटीस अ. उ. आ.

शाळा राहिली. आता नीट बस आणि पुढचं वाच.

शनिवारी गेले तर वर्गात चारपाच पोरं आणि आईबाप एकही नाही. बाई दारात, तोंड एवढंसं झालेलं. पोरंसुद्धा का नाहीत ते मला कळेना. मग तू पत्रात लिहिलेला तो धपाटा आठवला आणि डोक्यात उजेड पडला. प्रत्येकाला वाटलं होतं, आपल्याच कार्ट्यानं काहीतरी करून ठेवलंय! कुणी पोराला बडवलं, कुणी ताप आलाय म्हणून घरी ठेवलं, आणि स्वतः कामावर पळाले.

मी गल्लीत शिरले. दारोदार ओरडून सांगितलं की कुणाची तक्रार नाही, शाळा जातेय, उठा. विश्वास कोण ठेवतो! न्हावी म्हणाला, गिऱ्हाईक बसलंय. त्यालाही घेऊन ये म्हटलं, तर खरंच अर्ध्या दाढीचा माणूस घेऊन आला. शिंपीण गळ्यात टेप तशीच घालून, गवंड्याच्या हाताला सिमेंट.

साहेब आले तेव्हा वर्गात उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी साधं विचारलं की मुलांविषयी काही सांगायचंय का. झालं! न्हाव्यानं हात जोडले आणि सांगून टाकलं की खिडकीची काच आपल्या पोरानंच फोडली, पण त्याला काढू नका. बाईंना वाटत होतं, काच वाऱ्यानं फुटली. त्याचं बघून शिंपिणीनं कबूल केलं की ती कापडावर आखते ते खडू शाळेतलेच, पोरगी आणते. गवंडी म्हणाला, घंटा लवकर होते ती त्याच्या लेकाची कृपा. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. साहेबांनाही आवरेना. डोळे पुसत म्हणाले की आईबापांना पोरांचं एवढं ठाऊक असलेली शाळा त्यांनी पाहिली नाही, ती हलवायची नाही असंच ते कळवणार.

आता दर शनिवारी, दुकानं उघडायच्या आधी, सगळ्यांनी शाळेत जमायचं ठरलंय. न्हावी काच बसवणार, गवंडी पायरी नीट करणार. शिंपीण खडू परत देत नाही, बटणं मात्र सगळ्यांची लावून देते म्हणाली.

सगळे गेल्यावर मीच चोरासारखी बाईंजवळ गेले आणि भिंगरीनं काय केलंय ते विचारलं. बाई म्हणाल्या, तक्रार एकच, गेल्या आठवड्यापासून वर्गात फार बोलते, शेजारणीला लिहू देत नाही. धाकटे, मी आपली तिथंच बाकावर बसले.

घरी आले तर पोरगी पाठ भिंतीला लावून उभी. मी काय केलं, म्हणून विचारत होती. मी तिला जवळ ओढलं आणि सांगितलं की बोलत राहा.

सुट्टी मिळव आणि ये. माया आहे तेवढी आहे, पत्रातून वाढत नाही.

तुझी,
आक्का