जिंजर बियर निवळते तेव्हा

३ नोव्हेंबर, सोमवार
अजितने आज लिफ्टमध्ये माझा दंड धरला. "आई, तो शब्द इथे म्हणू नकोस." कोणता शब्द? तर बियर. मी नातीला, इराला, सांगत होते की जिंजर बियरला आज फेस आलाय. लिफ्टमध्ये आम्ही तिघं आणि एक इजिप्शियन गृहस्थ, हातात पावाची पिशवी. त्यांना मराठी कुठून येणार? "बियर येतं," अजित म्हणाला. या देशात दारूला बंदी, त्याची ही धास्ती.
पेयाचं नावच ते आहे. दारूशी त्याचा काही संबंध नाही. कोल्हापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी डोमेस्टिक सायन्सच्या तासाला आम्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शिकवलं. नन्स काय मुलींना दारू गाळायला शिकवतात? मुलाच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, राहते म्हणून मुलाने भाषाही शिकवावी, हे जास्त झालं.
म्हणे "आल्याचं सरबत म्हण." नाही म्हणणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज बाटल्या उघडल्या. चव उत्तम, रंग मात्र भांडी विसळलेल्या पाण्यासारखा. इरा म्हणाली, "आजी, इट लुक्स लाइक मॉप वॉटर." नऊ वर्षांच्या मुलीला आजीशी मराठीत बोलता येत नाही, अपमान मात्र बरोबर करता येतो. वाईट याचं वाटलं की तिचं खरं होतं.
सि. बेनेडिक्टांची निवळ असायची. ग्लासमागे प्रार्थनेचं पुस्तक धरायच्या आणि आम्ही ओळ वाचायचो.
खालच्या मजल्यावरच्या हलीमाला एक बाटली दिली. तिला रंगाचं काही नाही. "ताई, पोट कसं हलकं झालं!" रत्नागिरीची आहे, तीस वर्षं इथे. नवरा वाळवंटात तेलाच्या कामावर, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. या इमारतीत माझ्याशी पूर्ण वाक्यात मराठी बोलणारी ती एकटीच. घरचे धरूनसुद्धा.

९ नोव्हेंबर, रविवार
मलमलची चौपदरी गाळणी. काहीही फरक नाही. नंतर कॉफीचा कागद. अर्धा ग्लास गळायला दुपार गेली आणि बुडबुडे सगळे उडाले. उरलं ते गढूळ आणि मचूळ.
हलीमा सांदण घेऊन आली. मी गाळत बसलेली बघून हसली. "एवढं काय ताई, पोटात गेल्यावर कोण बगतंय?"
मी बघते. हीच तर अडचण आहे माझी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
चायना ग्रास घालून पाहिलं. पुडिंगला घालतात तेच. कढवून बाटलीत सोडलं की गाळ धरून खाली बसेल असा हिशेब. बसला नाही, थिजला. बाटलीतून आल्याच्या वड्या निघाल्या. मुक्ता (सूनबाई, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन) इतकी हसली की तिला ओट्याला धरावं लागलं. बऱ्याच दिवसांनी हसली. डबल ड्यूट्या चालल्या आहेत.
जाता जाता म्हणाली, "आई, गाळ हलवला की वर येणारच. आम्ही लॅबमध्ये नमुना तसाच ठेवून देतो. आपोआप बसतो."
ठेवून द्यायचं. एवढंच?

१६ नोव्हेंबर, रविवार
सहा बाटल्या भरल्या. स्टोअररूममध्ये, तांदळाच्या पोत्यामागे. तिथे एसीची हवा पोचत नाही. रोज एकदा झाकण किंचित सैल करून वाफ सोडायची आणि पुन्हा घट्ट. हलवायचं नाही. इराला ताकीद दिली आहे. अजितला सांगितलेलं नाही. तो नुसता सुस्कारे टाकतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
थांबणं मला कधी जमलं नाही. ऑफिसात सगळे म्हणायचे, बाईंचं तोंड हातापेक्षा जलद चालतं. साहेबांना तोंडावर सांगायचे की पत्रात चूक आहे, तीही तुमची. निवृत्तीच्या समारंभात एकाने भाषणात मला स्पष्टवक्ती म्हटलं आणि सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?
या बाटल्यांपुढे मात्र गप्प बसते. वरून पारदर्शक होत येताहेत, बोटभर, दोन बोटं. खाली पांढरा थर. बघत राहावंसं वाटतं.

३ डिसेंबर, बुधवार
आता वाफ येतच नाही. झाकण सैल केलं तरी आवाज नाही. शांत झाली असावी. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे उरलासुरला गाळही बसेल.

५ डिसेंबर, शुक्रवार
निवळली!
सकाळी गाळ न हलवता वरची हळूच ओतली. सोन्यासारखी. ग्लासमागे वर्तमानपत्र धरलं, बारीक अक्षरातल्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. इरा म्हणाली, "ओके आजी, यू विन." तिला लगेच हवी होती, पण सर्दी झाली आहे, म्हणून थंड दिली नाही.
मी अर्धा ग्लास घेतला. गोडी कमी, जवळजवळ नाहीच. पण स्वच्छ, तिखट, घशाखाली उतरताना ऊब. दुपारी मस्त झोप लागली. आल्याचा गुण.
पहिली बाटली हलीमाला. जुम्म्याच्या दिवशी तिच्याकडे बिर्याणी असते, तिथून डबा आला, इथून बाटली गेली. ग्लास उजेडात धरून म्हणाली, "आता कशी नवरीसारखी दिसते!"

५ डिसेंबर, रात्री
अजितने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. मग मुक्ताकडे बघितलं. मग पुन्हा घोट घेतला, खात्री करायला.
"आई, यात काय घातलंस?"
आलं, लिंबू, साखर, पाणी. नेहमीचंच.
"ही दारू आहे."
मी जे बोलले ते लिहीत नाही. आयुष्यात थेंब न घेतलेल्या बाईला ही भाषा! आणि तुला कशी रे चव कळली, हेही विचारलं. त्यावर तो बाटलीचं झाकण लावत बसला.
मुक्ताने वास घेतला. सावकाश, माझ्या जवळ बसून म्हणाली, "आई, साखर किती घातली होती?"
सांगितलं.
"मग गेली कुठे?"
विरघळली म्हणणार होते. पण विरघळलेली साखर गोड लागते.

६ डिसेंबर, शनिवार
झोप नाही. मु.ने समजावलं ते असं. गढूळ होती तोवर त्यातला जीव (यीस्ट) साखर खाऊन तिची दारू करत होता. दोन-तीन दिवसांत पिऊन टाकली की साखर बरीचशी तशीच राहते. मी ठेवली. त्याने सगळी साखर संपवली आणि मग खायला काही उरलं नाही म्हणून तळाला बसला. निवळली ती त्यामुळे. म्हणजे जितकी नितळ, तितकी…
आणि आत्ता, पंचावन्न वर्षांनी, डोळ्यांपुढे आलं. गॅदरिंगला आम्हा मुलींना गढूळच मिळायची, पेल्यातून. निवळ बाटल्या सिस्टरांच्या कपाटात असायच्या. फादर आणि बिशप यायचे त्यांच्यासाठी. पुस्तक धरून दाखवलं ते त्या बाटलीमागे. आम्ही ओळ वाचली, पण प्यायला कुणालाच मिळाली नाही.
सिस्टर!

६ डिसेंबर, संध्याकाळ
अजितने राहिलेल्या बाटल्या बाथरूममध्ये ओतल्या, वर फिनाइल, वर पुन्हा फिनाइल. एवढी नोकरी, ही शाळा, हे घर. इमारतीत कुणी एक शब्द बोललं असतं तर चौघांना विमानात बसवलं असतं. माझ्या हट्टापायी. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. नुसता म्हणाला, "आई, बाजूला हो, पाय घसरेल."
मग आठवलं. पाच ओतल्या. सहावी हलीमाकडे.

७ डिसेंबर, रविवार
घरात दोन मतं. अजित म्हणतो, काही सांगू नकोस. "तिला कळलेलं नाही. नकळत घडलं ते घडलं. तू सांगितलंस तर तिच्या जिवाला उगीच घोर." त्याला भीतीही आहे, गोष्ट बाहेर जाईल ही. पण घोराचं म्हणतो ते खोटं नाही.
मु. म्हणते, निदान बाटली तरी परत आणा. खराब झाली म्हणा.
खराब झाली नाही. इतकी चांगली मला आजवर कधी जमली नव्हती.
खाली गेले. हलीमाने फ्रिज उघडून दाखवलं, निम्मी शिल्लक. तिने दोन रात्री थोडी थोडी घेतली. "ह्या वेळी गोड नव्हती, बरं झालं, मला शुगर हाय. आणि ताई, झोप काय लागली! राहिलेली ह्यांच्यासाठी ठेवलीय, मंगळवारी येतायत." नमाजाची चटई कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली होती.
मी म्हटलं, गुडघे दुखताहेत, आणि वर आले. एवढंच बोलले. मी!

८ डिसेंबर, सोमवार
दिवसभर विचार. खरं बोलणं मला कधी जड गेलं नाही, कारण ते बहुधा दुसऱ्याच्या चुकीबद्दल असायचं. साहेबांची चूक, मुलाची चूक, इराच्या शाळेची चूक. त्याला स्पष्टपणा म्हणत आले.
सांगितलं तर माझं ओझं उतरतं आणि तिच्यावर चढतं. नाही सांगितलं तर उद्या नवऱ्याला ग्लास भरून देईल. आपल्या हाताने, कौतुकाने.
हे दुसरं मला चालणार नाही. बाकी काही कळत नसलं तरी एवढं कळतं.

८ डिसेंबर, संध्याकाळ
सांगितलं.
उभ्यानेच सांगितलं. ती चहा टाकत होती. गॅस बंद केला. मग, "तुमाला ठाऊक होतं?"
नाही. परवा कळलं.
"परवा." ती म्हणाली. "काल तुमी आल्या होतात ना?"
हो.
फ्रिजमधून बाटली काढली, कागदात गुंडाळली, पिशवीत घातली, माझ्या हातात दिली. मग हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "ताई, कशाला सांगितलंत? मी कुणाला विचारलं नव्हतं."
मी म्हटलं, उद्या तू त्यांना दिली असतीस.
"मग म्हणायचं होतंत, आंबली, फेकून दे. मी फेकली असती. तुमचा शब्द मी कदी तपासला काय?"
पिशवी घेऊन वर आले.

१० डिसेंबर, बुधवार
तिचा नवरा आला असणार, खालून गाडीचा आवाज आला काल. डबा नाही, फोन नाही. मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले.
मु. ड्यूटीवरून आली, माझ्याजवळ बसली. म्हणाली, "तुम्ही बरोबर केलंत." मी म्हटलं, ते मला माहीत आहे, त्याचा उपयोग काय. हसली नाही. माझा हात हातात घेऊन बसली. असं आमच्यात होत नाही.
अजित आज लिफ्टमध्ये स्वतःहून म्हणाला, "आई, आल्याचा चहा तरी करशील ना?" चांगला मुलगा आहे. त्याला हे सांगायला हवं कधीतरी.

१२ डिसेंबर, शुक्रवार
डब्याचा दिवस. डबा नाही.
तिसऱ्या प्रहरी फोनवर हलीमाचा आवाजी निरोप आला. तीनदा ऐकला. रागावलेली नाही, रडलेली नाही. "ताई, एक विचारायचं होतं. ह्यांनी विचारलं, म्हणून. तशी फकत ती शेवटचीच होती, का आदीच्या पण? गढूळवाल्या? तेवढं सांगा. खरं काय ते."
मु.ला विचारलं. ती लॅबवाली, ती खोटं बोलणार नाही. म्हणाली, "आधीच्यांत अगदी थोडं असणार. किती ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आंबवलेल्या कशातही थोडं असतंच." अजित म्हणाला, "नव्हतं म्हण. तेवढ्याला नव्हतंच म्हणतात."
थोडं. म्हणजे होतं का नव्हतं? माझ्या डोळ्यांसमोर ती पेला तोंडाला लावते आहे, पोटावर हात फिरवते आहे. त्यातलं किती तिच्या हिशेबात धरायचं, हे मी कोण ठरवणार? आणि "खरं काय ते" म्हणाली आहे. माझ्याकडेच मागितलं आहे तिने, अजून.
उत्तर द्यायला बटण दाबलं. "हलीमा," एवढं म्हटलं आणि पुढचं सुचेना. बोट सुटलं, गेलं ते तसंच. एक शब्द. परत कसं घ्यायचं ते इराला विचारेपर्यंत निळ्या खुणा उमटल्या.
ऐकलंय तिने.
खाली जाते आहे. जिन्याने. लिफ्टने फार लवकर पोचायला होतं.