सरिताच्या झोपेचा अभ्यासक्रम

पडेगाव

आदरणीय सासूबाई गीताबाई आत्या यांस,

जावई राजकुमारचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामांनी बिडी सोडली असेल तर आनंद आहे. नसेल तर मी विचारलं असं सांगू नका.

इकडे तुमची लेक तलाठ्याच्या परीक्षेची तयारी झोपून करते आहे. रागावू नका, पुढे वाचा. वयात बसणारी ही तिची शेवटची परीक्षा. अभ्यासिकेत एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत पाठ केलेलं पक्कं बसतं आणि पहाटे स्वप्नांची झोप लागते तेव्हा मेंदू त्या सुट्या गोष्टी एकमेकींना जोडतो. झालं, मला झोपेचा चौकीदार नेमलं. मी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं (गोडं तेल, मुंग्या आल्या), कुकरची शिट्टी काढून ठेवली (वरण छताला) आणि दूधवाल्या सखारामला हाक न मारता दूध ठेवायला सांगितलं, ते मांजरानं संपवलं.

पण सरिताची जिद्द मानली पाहिजे. कामावरून येते, भाकरी थापते, वाचते आणि ठरल्या वेळी अशी झोपते की बघतच राहावं. (शाळेत वर्गात मीही भरपूर झोपलो, पण त्याचा असा उपयोग कधी झाला नाही.) ही जिद्द तुमचीच. चुलीवर चहा ठेवून तुम्ही तिला पहाटे उठवायचात, म्हणून ती शिकली. आजही पहाटे तुमचा फोन येतो, "उठली का गं? पहाटंचं पाठ व्हतंय." ती डोळे न उघडताच सांगते, "व्हय, कवाच उठले." परवा त्यानंतर मी तिला विचारलं, जायकवाडी कोणत्या नदीवर? धरण आठवलं, पैठण आठवलं, गोदावरी काही केल्या जोडली जाईना, आणि तिची धाकटी बहीण पैठणलाच दिलेली. मग ती रडली. मलाही फार वाईट वाटलं.

घरातल्या सगळ्यांना जयभीम.

तुमचा,
राजकुमार

ता.क. पत्राचं खरं कारण असं, की पहाटेचा फोन बंद करून रात्री जेवणानंतर कराल का? हे बोलून सांगायचं धाडस झालं नाही.

ता.क. दुसरा. सरितानं आत्ताच पत्र वाचलं. म्हणाली, "आईला काय बी सांगू नका. ती उठवती म्हणून तर वाटतं, मी पास व्हईन." तेव्हा वरचं खोडलं असं समजा. फोन येऊ द्या, फक्त लगेच ठेवत चला, म्हणजे ती परत झोपेल. मग तुम्हीही जरा पडा. आम्हा सगळ्यांना उठवण्यात तुमची पहाटेची झोप राहूनच गेली.