सुलूआजी बोटीवर चढली

पुणे,
६ जानेवारी २०२६

ती. सुलूआजीस,
दिव्याचा सा. न. वि. वि.

फोनवर नेव्हीचं नाव काढलं की तू रडायला लागतेस आणि माझं बोलणं राहूनच जातं, म्हणून हे पत्र. माझी निवड झालीय गं! पण बाबांचं एकच पालुपद, आजी हो म्हणाली तरच. रविवारी ते तुला जुन्या युद्धनौकांचं संग्रहालय दाखवायला नेतायत. नाटकं न करता जा, नीट बघ, मग काय ते सांग. महिनाअखेर मला कळवायचंय. तू नाही म्हणालीस तर मी नाही जाणार, पण जन्मभर तुझ्याशी भांडेन.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी लाडकी (अजून आहे ना?)
दिव्या


मुर्धा,
१२ जानेवारी २०२६

चि. दिव्यास,
आजीचे अनेक आशीर्वाद.

भवाने, धमक्या कुणाला देतेस? काल जाऊन आले मी.

शिडीपाशीच चपला काढल्या. होडीत कुणी चप्पल घालून चढतं का? तुझा आजा तर काठावरच काढायचा. माझं बघून मागच्या गुजराती बायकांनीपण काढल्या. पहारेकरी हिंदीत ओरडतोय की पाय भाजतील, पण ऐकतंय कोण! वर लोखंड असलं तापलेलं की सगळ्याजणी नाचायलाच लागल्या. तुझा बाप तोंड लपवून दुसऱ्या बोटीकडे पळाला. नारळ नेलेला, तोपण फोडू दिला न्हाय त्या मेल्या पहारेकऱ्यानं.

मग आत सुकाणूपाशी गेले. खरं सांगते, हात लावायला भ्याले. आज्याची होडी मी दर नारळी पुनवेला पुजली, तिची मासळी विकली, पण बाईने होडीत पाय ठेवायचा न्हाय, हा आपल्या घरचा रिवाज. तो दर्यावर, मी काठावर. वारा सुटला की घास उतरत न्हवता. म्हणून तुला नको म्हणत होते, दुसरं काय?

काल सुकाणू धरलं, समोर बघितलं, तर सगळं पाणीच पाणी. भीती न्हाय वाटली गं. रडू आलं, ते एवढी वर्षं काठावर काढल्याचं. तुझा बाप महिपत खालून बोलवून बोलवून दमला, मी बोटीवरनं उतरलेच न्हाय.

जा तू. आपल्या घरातली एक तरी बाई दर्यावर जाऊ दे. काठावर वाट बघायचं काम या खेपेला तुझा बाप करेल. कालपासूनच डोळे पुसतोय. मी हाय त्याला शिकवायला.

कुठंही गेलीस तरी आजीवर जीव असू दे.

सुलूआजी