अध्यक्षीणबाईंची ओटी

ओझर,
२२ जानेवारी २००२

प्रिय सरू,

की आता अध्यक्षीणबाई म्हणू? पेपरात भाऊजींचा हारांत बुडालेला फोटो पाहिला. त्यांच्या मागे तुझा अर्धाच चेहरा आलाय, पण तेवढ्यावरूनही मला कळलं की साडी नवी आहे आणि तुझी झोप झालेली नाही. आपल्या भागातल्या सहकारी संघाचं अध्यक्षपद म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. सटाण्याच्या शाळेत माझ्या शेजारी बसून दप्तरातल्या पेरूच्या फोडी खाणारी सरू आता नाशकात गंगापूर रोडला, संघाच्या बंगल्यात राहायला जाणार! मला खरंच फार आनंद झाला गं. तुमची साळूबाई इथे लेकीकडे आली होती, ती परत निघाली म्हणून तिच्याच हाती तिळगूळ पाठवते आहे. पत्र डब्यात लाडवांच्या खाली ठेवलंय. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन कोण उचलतं ते मला ठाऊक आहे. वाच आणि चुलीत घाल.

अमेरिकेहून आल्यावर मी तुला फोटो दाखवले होते, आठवतं? आमच्या शेखरने बॉस्टनजवळ एक जुनं घर दाखवायला नेलं होतं. त्या देशाच्या दुसऱ्या अध्यक्षाचं आणि त्याच्या बायकोचं, ॲबिगेलचं घर. तू विचारलंस, एवढ्या मोठ्या माणसांचं इतकं साधं घर? तेव्हा भाऊजी समोर होते म्हणून मी अर्धंच सांगितलं. आयुष्यभर इतिहास शिकवला, आता धडा अर्धा राहिला की मला चैन पडत नाही. तो आज पुरा करते.

दोनशे वर्षांपूर्वीची बाई ही. शाळेचं तोंड पाहिलं नाही, वडिलांच्या पुस्तकांवर शिकली. नवरा देशाच्या कामात वर्षानुवर्षं बाहेर, आणि इकडे हिने शेत सांभाळलं, गडी सांभाळले, मुलं वाढवली. तिथली मार्गदर्शक मुलगी हे सांगत होती आणि मला सारखी तू दिसत होतीस. भाऊजी सभा गाजवत होते तेव्हा डाळिंबाच्या बागेत डोक्याला फडकं बांधून कोण उभं होतं, ते मी पाहिलंय. पुढे नवरा अध्यक्ष झाला. नव्या राजधानीत त्याच्यासाठी मोठं भवन बांधलं, पण ही राहायला गेली तेव्हा ते अर्धवटच होतं. भिंती ओल्या, जळणाला लाकूड मिळेना, धुणं वाळवायला जागा नाही. मग बाईंनी पाहुण्यांसाठी राखलेल्या सगळ्यात मोठ्या दालनात दोऱ्या बांधायला लावल्या आणि अध्यक्षांचे कपडे तिथे वाळत घातले! मी इतकी हसले की शेखर बिचारा ओशाळला. तुझ्या बंगल्यातला हॉलही मोठा आहे म्हणतात, बघ काही उपयोग होतो का.

राहिलेला अर्धा धडा तिच्या मुलाचा. चार्ल्स त्याचं नाव. लाघवी, घरात सगळ्यांचा लाडका, आणि दारूपायी वाया गेलेला. बापाने त्याचं नाव टाकलं. पुन्हा तोंड पाहणार नाही म्हणाला, आणि पाहिलं नाही.

इथे माझा हात थांबला, सरू. तुझ्या ललितचं नाव तुमच्या घरात तीन वर्षं कोणी घेतलेलं नाही. चुलत बहिणीच्या लग्नात तो पिऊन भर मांडवात पडला, लोक हसले, आणि भाऊजींनी तिथल्या तिथे तुला शपथ घातली, ह्याच्या दारात पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. मी भाऊजींना वाईट म्हणत नाही. त्यांनी त्याला दोनदा दवाखान्यात ठेवलं, उपाय केले, आणि त्या दिवशी मांडवामागे ते पंच्यात तोंड खुपसून रडत होते ते मीच पाहिलं. पण तेव्हापासून तू माझ्याकडे येतेस, तासभर डाळिंबांच्या गप्पा मारतेस, आणि चप्पल घालताना विचारतेस, "बाकी सगळे बरे ना?" तुला कोणाचं विचारायचं असतं ते मला कळतं, आणि माझा जीव तुटतो.

तर ती बाई नवऱ्याच्या त्या नव्या भवनाकडे निघाली. वाटेवरच्या गावात हा मुलगा आजारी पडून होता. बापाने तोंड फिरवलं होतं, तरी ती वाटेत थांबली, त्याच्याजवळ बसली. पुढे निघाली ती त्याच्या लहानग्या लेकीला बरोबर घेऊन. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगा गेला. बापानेही मग त्याच्यासाठी फार शोक केला म्हणतात. आणि ज्या खुर्चीसाठी सगळी धावपळ, तीसुद्धा काही महिन्यांत गेली.

आता कामाचं. नवं घर मांडायच्या आधी बाईने माहेरची ओटी घेऊन जायचं, ही आपली रीत. तुझे आई-वडील गेल्यापासून तुझी ओटी माझ्याच घरात भरली जाते आणि भाऊजींनी आजवर कधी अडवलेलं नाही. शुक्रवारी तुम्ही नाशकाला निघाल तेव्हा आग्रा रोडवर माझं घर वाटेतच आहे. भाऊजींना मी रीतसर आमंत्रण धाडलंय. ते नेहमीसारखे ओसरीवर बसतील, ओटी भरताना पुरुष आत येत नाहीत. आमचे हे त्यांना विमानाच्या कारखान्यातल्या गोष्टी सांगतील. निवृत्त झाल्यापासून ह्यांना ऐकणारं माणूस मिळालं की ते सोडत नाहीत, त्यामुळे तुला हवा तितका वेळ आहे.

आत, मागच्या खोलीत, ललित आहे. दिवाळीनंतर ह्यांना तो नाशिक रोड स्टेशनवर सापडला, त्याची चार वर्षांची वेदिका कडेवर. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. तुला कळवू नका म्हणून त्याने आमचे पाय धरले. बरं होऊन, धड कपडे घालून तुझ्यासमोर उभं राहायचं होतं त्याला. दारू सुटलीय गं, पण फार उशिरा. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, पोट फुगलंय. डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. बाहेर गाडी थांबली की तो विचारतो, "मावशी, मनी माय उनी का?" आई अजून नाही आली म्हणते, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. शपथ त्याच्या दाराची होती, सरू. हे दार माझं आहे. त्याच्याजवळ बस, त्याच्या डोक्यावरून हात फिरव. मग मी तुला पाटावर बसवीन आणि पदर पसरायला सांगेन. त्यात तांदूळ घालीन, खण-नारळ घालीन, आणि शेवटी वेदिकाला तुझ्या मांडीवर ठेवीन. कपाळ तुझं आहे तिचं, हट्टही तुझाच. तिला घेऊन तशीच बाहेर ये आणि भाऊजींसमोरून गाडीत बस. माहेरची ओटी परत करत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे.

शुक्रवारी दारात उभी असेन.

तुझीच,
संध्या